गल्लीतले शेजारी एक दिवस रस्त्यावर जमवायचे आहेत. कुणी केलंय का?

नवी_भाडेकरू

नमस्कार मंडळी,

आमची गल्ली लहान आहे. पंचवीस-तीस घरं, त्यात दोन-तीन छोट्या इमारती. एका टोकाला मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला वळण. मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला दुचाकीवाले आमच्या दारांवरून सुसाट जातात. राहायला येऊन बराच काळ झाला, पण समोरच्यांचं आडनाव मला कळलं ते त्यांचं पार्सल चुकून माझ्याकडे आलं तेव्हा. द्यायला गेले, त्यांनी घेतलं, आभार मानले, दार लावलं. वाईट वागले असं अजिबात नाही. बोलायला विषयच नव्हता.

तर डोक्यात असं आहे की एखाद्या रविवारी तीन-चार तास गल्ली वाहनांना बंद करायची, टेबलं-खुर्च्या बाहेर काढायच्या आणि सगळ्यांनी जमायचं. सण नाही, वाढदिवस नाही, निवडणूक तर नाहीच नाही. चार जणांकडे विषय काढून पाहिला. उत्तरं अशी: "करा की, छानच" (म्हणजे हे येणार नाहीत), "वर्गणी किती?", "मग गाडी कुठे लावायची?" आणि "स्पीकर लावणार असाल तर आत्ताच सांगा."

ज्यांनी असं काही प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा. परवानगीचं मी बघेन, ती जिथली तिथे वेगळी असते. मला माणसांबद्दल विचारायचंय. जे दार उघडून बाहेर येतच नाहीत त्यांना आणायचं कसं? आणि आणून करायचं काय?

दुसरा_मजला

वाचतोय. आमच्याकडे झालं होतं एकदा. मांडव, व्यासपीठ, पाहुणे, पाहुण्यांची वाट बघणं, सत्कार, भाषण, आभार. पहिली रांग मान्यवरांसाठी राखीव म्हणून रिकामी, मागे आम्ही सगळे एकाच दिशेला तोंड करून. शेजारी बसलेल्या बाईंशी माझं एवढंच बोलणं झालं, "जरा सरकता का?" फोटो मात्र भरपूर निघाले.

कोपऱ्याचं_घर

दुसरा मजला यांनी वर्मावर बोट ठेवलंय. एकाच दिशेला तोंड करून बसलेली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. तेव्हा व्यासपीठ नको, माइक नको, प्रमुख पाहुणे तर मुळीच नकोत. पाहुणा आला की गल्ली आपोआप प्रेक्षक होते.

आमचं घर गल्लीच्या तोंडाशी आहे. अडसराचा दोर माझ्याच फाटकाला बांधतात, त्यामुळे ही सगळी उस्तवार हळूहळू माझ्या गळ्यात पडली. जे पाहिलंय ते सांगते. लांबेल थोडं.

"गाडी कुठे लावायची" असं विचारणाऱ्याला टाळू नका. तुमच्या चौघांत कामाचा प्रश्न त्यानेच विचारलाय. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड नावाच्या नगररचनाकाराने 1960च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन रस्त्यांची तुलना केली होती. बाकी बरंचसं सारखं, फरक रहदारीचा. एका रस्त्यावरून दिवसाला साधारण 2,000 गाड्या, दुसऱ्यावरून 8,000, तिसऱ्यावरून 16,000. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र आणि सहाच्या वर ओळखीचे, तेही त्याच रस्त्यावर राहणारे. सोळा हजारवाल्या रस्त्यावर मित्र एकाहून कमी आणि ओळखीचे तीन. त्याने लोकांना "तुमचं घर कुठवर आहे ते नकाशावर दाखवा" असंही विचारलं होतं. शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता दाखवला. गजबजलेल्या रस्त्यावरच्यांनी आपापल्या इमारतीच्या पलीकडे रेघ नेलीच नाही.

म्हणून शेजारी माणूसघाणे आहेत असं आधीच ठरवू नका. तुमच्या दारावरून दुचाक्या सुसाट जातात हे तुम्हीच लिहिलंय. तिथे दारात उभं राहून कोण कुणाशी काय बोलणार? मला विचाराल तर दिवसभरातलं अर्धं काम नुसता रस्ता मोकळा केल्याने होतं. पहिल्या वीस मिनिटांत मुलं बाहेर येतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांना "सांभाळून" म्हणायला मोठी माणसं.

मात्र सरसकट बंदी घालू नका, भांडणं होतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 2009 साली दोन शेजारणींनी मुलांना खेळता यावं म्हणून आपला रस्ता थोडा वेळ बंद करायला सुरुवात केली. त्यांच्याकडून पुढे जी पद्धत पसरली ती मला फार पटली. बाहेरच्या वाहनाला वळून जायला सांगायचं. तिथल्याच रहिवाशाला गाडी आत-बाहेर करायची असेल, तर अडसरावरचा माणूस पुढे चालणार आणि गाडी त्याच्या मागून, माणसाच्या चालीने. कुणाची अडवणूक नाही, आणि गाडीवालाही काच खाली करून दोन शब्द बोलतो.

आमच्याकडे सगळ्यात कडक विरोध होता एका निवृत्त गृहस्थांचा. रस्ता गाड्यांसाठी असतो, चकाट्या पिटायला नाही, असं त्यांनी मला फाटकावर येऊन सुनावलं. मी त्यांनाच अडसरावर उभं राहाल का म्हणून विचारलं. आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, "शिट्टी कोण देणार?" त्या दुपारी चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून ते जे उभे राहिले ते शेवटपर्यंत. एक दुचाकीवाला हट्टाने आत शिरायला बघत होता. ह्यांनी शिट्टी वाजवली नाही, आवाज चढवला नाही. त्याच्या हँडलवर हात ठेवून गल्लीतलं कुठलं झाड कुणी लावलं आणि कुणाच्या बांधकामात कुठलं गेलं ते सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या झाडापर्यंत यायच्या आत त्याने गाडी वळवली.

लोकांना आणायचं कसं, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. नुसत्या गप्पांना न येणारा माणूस कामाला येतो. "नक्की या हं" म्हटल्यावर सगळे हो म्हणतात आणि कुणी फिरकत नाही. त्यापेक्षा "तुमची घडीची शिडी तीन वाजता लागेल, आणता का?" असं म्हणा. शिडीबरोबर माणूस येतो. शिडी परत न्यायची असते म्हणून थांबतोसुद्धा. मी प्रत्येक घराकडे एकेक वस्तू मागते. लांब वायर, बादली, जाड खडू, चादर, छत्री. खरं तर यातलं बरंचसं माझ्याच घरात आहे, पण ते मी कुणाला सांगत नाही.

आमंत्रण ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. अंगठे येतात, माणसं येत नाहीत. घंटी वाजवून सांगायचं, आणि दोघींनी मिळून जायचं: एक जुनी राहणारी, एक नवी. जुनीला कुणाच्या घरी कोण आहे ते माहीत असतं. नवीमुळे त्या घराला पुन्हा आपली ओळख करून द्यावी लागते, आणि ते ऐकताना जुनीलाही अनेकदा नवीन काहीतरी कळतं.

वर्गणी काढू नका. पैसा आला की हिशोब आला, हिशोब आला की खजिनदार. ब्रिटनमध्ये 2009पासून ईडन प्रोजेक्ट या तिथल्या संस्थेच्या पुढाकाराने शेजाऱ्यांनी एकत्र जेवायचा 'बिग लंच' होतो. त्यातही जेवण साधं, ज्याचं त्याने आणून वाटून खायचं. खाण्याची चढाओढ लागू द्यायची नसेल तर "घरात जे असेल ते" एवढंच सांगा आणि स्वतः सगळ्यात साधं काहीतरी आणा.

आता टेबलं. त्यावर फार अवलंबून असतं, म्हणून थोडं सविस्तर. लिऑन फेस्टिंगर हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एम.आय.टी. या विद्यापीठातल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला होता, तो 1950मध्ये प्रसिद्ध झाला. लागून असलेल्या दारांमध्ये मैत्रीचं प्रमाण 41 टक्के, एक दार मध्ये असेल तर 22 आणि एकाच मजल्याच्या दोन टोकांना 10. टोक म्हणजे तरी किती लांब, चार घरांपलीकडे. तुमच्या गल्लीतही हेच असणार. लोक आपापल्या फाटकासमोर खुर्ची टाकतील आणि ज्यांना रोज बघतात त्यांच्याशीच बोलून घरी जातील. म्हणून आम्ही टेबलं एका लांब ओळीत, रस्त्याच्या मध्यावर लावतो, फाटकांसमोर नाही. आणि खुर्च्यांची अदलाबदल करतो. सकाळी घराघरांतून खुर्च्या मागवायच्या, या टोकाच्या त्या टोकाला नेऊन ठेवायच्या. सांगून कुणाला हलवता येत नाही, पण आपली खुर्ची जिथे असेल तिथे माणूस जाऊन बसतो. निदान ती नीट ठेवलीय ना हे बघायला तरी जातो.

नावाच्या चिठ्ठ्या छातीवर लावाच. लोक सुरुवातीला हसतात. नुसतं नाव पुरत नाही, घराची खूण लिहा. "पिवळं फाटक." "वरची गच्ची." एकाने "पेटी वाजते ते घर" असं लिहिलं होतं, त्याच्याकडे दिवसभर रांग होती. निम्मे तक्रार करायला, निम्मे विचारायला की शिकवता का.

एका बाजूला अग्निशमनाची किंवा रुग्णवाहिकेची गाडी जाईल एवढी पट्टी मोकळी ठेवा. मोठी गाडी साधारण अडीच मीटर रुंद असते, त्याहून वर जागा हवी. खडूने रेघ मारून टाका आणि तिच्या आत टेबलाचा पायसुद्धा येऊ देऊ नका. तीन तास पुरे. लोक रेंगाळत असतानाच आवरायला घ्या. आवरताना ज्या गप्पा होतात त्या आधी होत नाहीत.

रात्रपाळी

थोडा विरोधी सूर लावतो, चालेल ना?

मी रात्रपाळी करतो. रविवारची दुपार म्हणजे माझी रात्र. शेजाऱ्यांशी माझं उत्तम चाललंय, कारण आम्ही एकमेकांच्या भानगडीत पडत नाही. एकदा ओळख झाली की चौकश्या सुरू: पगार किती, घर स्वतःचं का, लग्न कधी, मूल कधी. मला मित्र आहेत, ते शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात आणि ते तसंच बरं आहे. प्रत्येक गल्लीत एखादा उत्साही असतो आणि त्याच्या उत्साहापायी बाकीच्यांची झोप जाते. वरच्या प्रतिसादात गोड बोलून शिडी मागायची युक्ती सांगितलीय. मला कुणी अशी शिडी मागितली तर मी शिडी देईन आणि दार लावून घेईन.

तळमजला

माझे दोन पैसे, आणि ते अगदीच रुक्ष आहेत.

सार्वजनिक काही ठरलं की सगळे खाणं, गाणी, खेळ यावर बोलतात. माझी आई पहिल्यांदा विचारते, "तिथे बाथरूम कुणाचं वापरायचं?" उत्तर मिळालं नाही तर ती येत नाही, आणि न येण्याचं कारण ऊन, गुडघे, काहीही सांगते. तेव्हा तळमजल्यावरची दोन घरं आधीच ठरवा, दाराला मोठ्या अक्षरांत कागद लावा आणि तिथे पायरी असेल तर फळी टाका. फळी हलत नाही ना, हे स्वतः त्यावर उभं राहून बघा. हाताची खुर्ची हवी. प्लास्टिकच्या बिनहाताच्या खुर्चीतून उठायला आईला दोन माणसं लागतात, आणि अनोळखी माणसाचा हात धरण्यापेक्षा ती आलेलीच नसते. सावली दुपारी कुठे सरकते ते आदल्या रविवारी त्याच वेळेला बघून ठेवा.

रात्रपाळी, तुमची चौकश्यांची तक्रार मान्य. पण 1995च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली होती, सातशेहून जास्त माणसं दगावली. त्यांत एकटी राहणारी वृद्ध माणसं फार होती. दार-खिडक्या लावून घरात बसलेली. आईला मी दिवसातून दोनदा फोन करते, तरी तिने तिसऱ्यांदा उचलला नाही तर पोचायला मला वेळ लागणार. शेजारच्या मुलाला आता तिचं नाव माहीत आहे. त्याने तिला पगार विचारला तरी माझी हरकत नाही.

नवी_भाडेकरू

सगळ्यांचे आभार. खुर्च्यांची युक्ती आणि बाथरूमचा कागद, दोन्ही लगेच वहीत लिहिलं.

कोपऱ्याचं घर, एक शंका. स्पीकर नाही, कार्यक्रम नाही, तर सुरुवात कशी करायची? चार वाजले, दोघे-तिघे येऊन उभे राहिले, बाकीचे खिडकीतून बघताहेत, अशी वेळ आली तर? आणि रात्रपाळींसारखं कुणी आमच्याकडेही असणारच, त्यांचं काय करायचं?

कोपऱ्याचं_घर

रात्रपाळी, तुमची शिडी मी घेईन आणि दाराशी परत आणून ठेवीन, घंटी न वाजवता. यायचं नाही हा हक्क आहेच, आणि तो आमंत्रणातच लिहावा असं माझं मत आहे. पण एक सांगते. पॅरिसच्या सतराव्या विभागात अतानाझ पेरिफाँ या स्थानिक लोकप्रतिनिधीने 1999मध्ये शेजाऱ्यांचा दिवस सुरू केला आणि पुढच्याच वर्षी तो फ्रान्सभर झाला. त्यामागचं निमित्त एका वृद्ध बाईचा मृत्यू होतं. त्या घरातच वारल्या हे शेजाऱ्यांना कळायला काही महिने लागले. ऑस्ट्रेलियातला शेजारदिवस 2003मध्ये मेलबर्नहून सुरू झाला, त्यामागेही अशीच घटना, आणि तिथे तर दोन वर्षांहून जास्त काळ गेला होता. त्या लोकांना विचारलं असतं तर तेही म्हणाले असते, आम्ही एकमेकांच्या भानगडीत पडत नाही.

मैत्री कुणी मागत नाहीये. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा 1973चा प्रसिद्ध लेख आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? बहुतेकांचं उत्तर होतं, अधूनमधून किंवा क्वचित. जवळचे मित्र कमीच निघाले. नुसती तोंडओळख बरीच कामाची असते. चेहरा आणि घर यांची सांगड लागली, एवढं झालं तरी तो रविवार वसूल. बाकी चौकश्यांवर इलाज नाही. मलाही अजून विचारतात. मी उलट विचारते.

आता सुरुवात. पहिली पंधरा मिनिटं अवघड जातात, हे खरंय. त्यासाठी चार वाजता काहीतरी अर्धवट ठेवायचं. टेबलं लावून तयार ठेवू नका. चादरी टाकायच्या राहिल्यात, सावलीचं कापड बांधायचं राहिलंय, असं मुद्दाम ठेवा. दोघं कापड ताणून धरून उभे असतील आणि तिसरा कोपरा लोंबत असेल, तर खिडकीतून बघणाऱ्याला राहवत नाही. तो आधी वरून सूचना करतो, मग खाली येतो. आमच्याकडे एक बाई दरवेळी "असं नाही बांधत" म्हणतच उतरतात आणि त्यांनी मारलेली गाठ शेवटी कापावी लागते.

दुसरं, मुलांना खडू द्या आणि अख्खी गल्ली रस्त्यावर काढायला सांगा. प्रत्येकाने आपलं घर काढायचं. मग प्रश्न पडतात. या घरात कोण राहतं? इथे आधी काय होतं? जुने लोक दुरुस्त्या सुचवतात, वाद घालतात, आणि त्या वादात पंधरा मिनिटं कधीच निघून जातात.

रस्ता गाड्यांचाच असतो असं कुणी म्हणालं तर कोलंबियाच्या राजधानीचं, बोगोटाचं नाव सांगा. तिथे 1974पासून दर रविवारी सकाळी सात ते दुपारी दोन मोठमोठे रस्ते चालणाऱ्यांना आणि सायकलींना मोकळे करतात, सगळे मिळून शंभर किलोमीटरच्या वर. तुमची एक गल्ली आहे, तीन तास.

तळमजला यांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. हाताच्या खुर्च्यांचं माझ्या यादीत नव्हतं, आता घालते.

दुसरा_मजला

दाराशी द्यायच्या चिठ्ठीचा नमुना टाकाल का? आमच्या मागच्या निमंत्रणात बारा नावं होती आणि वेळ लिहायची राहिली होती.

कोपऱ्याचं_घर

आमची अशी असते, हवी तशी बदलून घ्या:

"रविवारी दुपारी चार ते सात आपली गल्ली बाहेरच्या वाहनांना बंद आहे. तुम्हाला गाडी काढायची असेल तर निघा, अडसरावरचा माणूस पुढे चालून रस्ता करून देईल. शक्य असेल तर गाडी साडेतीनपर्यंत बाहेर लावा, म्हणजे मुलांना जागा होईल. स्पीकर नाही, भाषण नाही, वर्गणी नाही. घरात जे असेल ते खायला आणा, नसेल तर तसेच या. तुमच्याकडून ______ हवंय. स्वच्छतागृह: खाली खूण केलेली दोन घरं. सात वाजता आवरायला घेऊ, साडेसातला रस्ता सुरू. यायचं नसेल तर काहीच हरकत नाही. त्या वेळेत झोपणारं, अभ्यास करणारं किंवा आजारी कुणी घरात असेल तर सांगा, त्या खिडकीखाली टेबल लावणार नाही."

मोकळ्या जागेत त्या त्या घराकडून हवी असलेली वस्तू हाताने लिहायची, छापायची नाही. खाली दोघांचे फोन नंबर टाका. एकाचाच टाकलात तर तो अख्खी दुपार कानाला फोन लावून फिरतो.